टेकाळे वस्तीच्या रस्त्याखालचा नळा

मित्रांनो, तुम्ही अंबडकडून टेकाळे वस्तीला आलात, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. तुम्हाला ओढ्यावरचा काळा रस्ता दिसेल, कडेचे चुना लावलेले बुटके दगड दिसतील आणि तुमची गाडी क्षणात पलीकडे जाईल. मी त्या रस्त्याच्या पोटात आहे. मी पुरलेला एक जुना सिमेंटचा नळा आहे. ओढ्याचं पाणी माझ्यातून जातं, म्हणून माणसं कोरड्या पायानं माझ्या डोक्यावरून जातात. एवढंच माझं काम. पण हल्ली आभाळ भरून आलं की माझा जीव खालीवर होतो. का होतो, ते सांगण्यासाठीच आज बोलतो आहे.

माझा जन्म जालन्याजवळच्या एका कारखान्यात झाला. आधी लोखंडी तारांचा गोल पिंजरा विणला. तो साच्यात बसवला, साचा गरागरा फिरवला आणि त्यात खडी, वाळू, सिमेंटचा काला सोडला. मग कितीतरी दिवस मला पाण्याच्या हौदात ठेवलं. आम्हा नळ्यांच्या अंगात पाणी मुरूनच बळ येतं. हौदातून काढल्यावर मिस्त्रीनं हातोडीनं मला ठोकून पाहिलं. मी खणखणीत वाजलो. "हा लवकर हार खानारा न्हाई," मिस्त्री म्हणाला. मला फार अभिमान वाटला.

माझ्यासारखेच आणखी नळे घेऊन एक ट्रॅक्टर ओढ्यावर आला. आमच्या तीन रांगा करून ओढ्यात बसवायच्या आणि वरून रस्ता न्यायचा, असं ठरलेलं होतं. पण आम्हाला काठावर उतरवलं आणि काम तिथंच थांबलं. रस्ता ज्या शेतातून पुढे जायचा होता, ते शेत कचरू टेकाळे यांचं होतं आणि कचरूभाऊ रस्त्यापुरती जमिनीची पट्टी द्यायला तयार नव्हते.

आम्ही उन्हापावसात नुसते पडून राहिलो. आमच्या आत कोल्ही व्याली, पोरं लपाछपी खेळली, आणि पाऊस आला की बायामाणसं आडोशाला येऊन बसू लागली. अशा आडोशालाच मी नंदाबाईंना पहिल्यांदा ओळखलं.

नंदाबाई कचरूभाऊंच्या थोरल्या भावजय. त्यांचे मालक साहेबराव जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला होते. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचे. शेती नंदाबाईच करायच्या. त्यांच्यासोबत नेहमी आसिफा असायची. आसिफाचं घर नंदाबाईंच्या शेजारी. तिचा नवरा तौफिक माल वाहायचा छोटा टेम्पो चालवायचा, पण तो टेम्पो कधी वस्तीवर आलाच नव्हता. डांबरी रस्त्यावर, एका चहाच्या टपरीमागं तो उभा करून तौफिक चिखल तुडवत घरी यायचा.

तो चिखल तुम्ही पाहिलेला नाही. आमच्याकडची जमीन काळी. पाऊस पडला की ती पाय धरते आणि सोडत नाही. चपला हातात घ्यायच्या, लुगडं खोचायचं आणि एकमेकींना धरून चालायचं. बैलगाडी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत रुतायची. 

एकदा दोघी माझ्यात बसलेल्या असताना आसिफा म्हणाली, "मावशी, तुमच्या विहिरीला एवढं पानी है, मंग तुम्ही भाजीपाला काऊन लावत न्हाई? अंबडच्या बाजारात मेथीला किती मागनी असती."

नंदाबाई हसल्या. "अगं, मेथी थांबती का? इथून डांबरीपर्यंत जाईस्तोवर तिची मान पडती. आपल्याला तेच पेरावं लागतं, ज्याला थांबता येतं. कापूस थांबतो, सोयाबीन थांबतं, तूर थांबती. म्हनून आपन तेच पेरून राह्यलोत."

"अन् ते थांबतंय हे घेनाऱ्यालाबी माहीत राहतं," आसिफा म्हणाली.

ते खरं होतं. व्यापाऱ्याचा माणूस डांबरीवर उभा राहायचा. पोती तिथवर डोक्यावर आणलेली असायची. तो भाव पाडायचा, कारण ही माणसं पोती घेऊन परत चिखलात उतरणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वस्तीची माणसं आळशी नव्हती, जमीनही वाईट नव्हती. पण माल परत न्यायची सोय नसली, की माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मी तिथं पडल्यापडल्या शिकलो ते हेच.

कचरूभाऊही वाईट नव्हते. त्यांच्या भीतीला कारण होतं. मोठ्या हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या मेहुण्याची जमीन होती. रस्ता आला तशा जमिनी विकत घेणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या आल्या, जमीन गेली, आणि मेहुणा आता दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून राहतो. "रस्ता नुसता जान्यासाठी नसतो, वैनी," ते नंदाबाईंना म्हणाले होते. "त्याच्यावरनं येनारेबी येतात."

"मंग आपन काय आसंच चिखलात मरायचं का, भाऊजी?"

ते निघून गेले.

शेवटी नंदाबाईंनी एक गोष्ट केली. साहेबरावांना फोन लावला आणि माझ्यावर टेकून उभ्या राहून त्या बोलल्या. म्हणाल्या, "भाऊजीची पट्टी राहू द्या. रस्ता आपल्या रानातून वळवू." रस्त्याला लागणारी पट्टी त्यांच्या रानातली सगळ्यात चांगली होती. तरी साहेबराव पलीकडून म्हणाले, "तिथं तू राहती. तुला दिसतं तसं कर."

असा रस्ता झाला. ओढा ओलांडला की तो एक वळण घेतो, ते नंदाबाईंच्या त्या पट्टीवरून. पण त्या दिवसापासून दीर-भावजयीचं बोलणं बंद झालं. वहिनीनं सगळ्या वस्तीसमोर आपल्याला खाली पाहायला लावलं, असं कचरूभाऊंच्या मनानं घेतलं.

आम्हाला ओढ्यात बसवलं तो दिवस माझ्या आनंदाचा हवा होता. मला एका रांगेचा पहिला नळा केलं. म्हणजे वरून येणारं पाणी सगळ्यात आधी माझ्याच तोंडाशी येणार. पण दोन रांगा झाल्या आणि मुकादमानं हात झटकले. तिसऱ्या रांगेचे नळे ट्रॅक्टरवर चढले आणि दुसऱ्याच कुठल्या कामावर गेले.

नंदाबाईंनी विचारलं, "ते काऊन नेऊन राह्यले?"

"लागत न्हाईत, बाई. ओढा तर कोरडा है," मुकादम म्हणाला.

मार्च महिना होता. ओढा खरंच कोरडा होता. माझ्या काळजीची सुरुवात तिथून झाली.

पुढची वर्षं मात्र चांगली गेली. ते नाकारलं तर मी खोटा ठरेन. माझ्या डोक्यावरून पहिल्यांदा तौफिकचा टेम्पो वस्तीत गेला, तेव्हा पोरं त्याच्यामागं ओरडत धावली. सायकलवरून मुली शाळेला जाऊ लागल्या. मोसंबीचा व्यापारी बागेत येऊन भाव करू लागला, आणि भाव पटला नाही तर त्याला रिकामं परत पाठवता येऊ लागलं.

नंदाबाईंनी तुती लावली. तुम्हाला रेशीम ठाऊक असेल. तुतीचा पाला खाऊन अळ्या वाढतात आणि स्वतःभोवती पांढरा कोष विणतात. तो कोष जालन्याच्या बाजारात विकला जातो. पण या धंद्याला उशीर चालत नाही. कोष वेळेत विकला नाही, तर आतला पतंग तो फोडून बाहेर येतो आणि फुटलेल्या कोषाला कुणी विचारत नाही. ज्या वस्तीला आजवर फक्त थांबणारं पीक घेता येत होतं, तिनं न थांबणारं पीक घेतलं. एवढा फरक रस्त्यानं पडला.

आसिफा या धंद्यात नंदाबाईंची निम्म्याची भागीदार झाली. रान एकीचं, मेहनत दोघींची. रस्त्याच्या कडेला बसून दोघी बोलायच्या, ते मला सगळं ऐकू यायचं. अळ्यांना ओला पाला चालत नाही, शेडमध्ये अगरबत्तीसुद्धा लावायची नाही, अळ्या खायला लागल्या की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं. दुसऱ्या वर्षी साहेबराव कारखान्याचं काम सोडून घरी आले. आता ते रोज संध्याकाळी ओढ्यापर्यंत फिरायला येतात.

पण कचरूभाऊ म्हणाले होते तेही झालं. पांढऱ्या गाड्या आल्याच. वस्तीतल्या काहींनी रानं विकली आणि त्यांतली काही माणसं आता त्याच रानात रोजानं जातात. मुरमाचे जड टिप्पर आले. ते माझ्या डोक्यावरून गेले, की माझ्या अंगातल्या तारा कण्हायच्या. रस्त्यासोबत दुकान आलं, दुकानासोबत पुड्या आल्या, आणि रिकाम्या पुड्या, पिशव्या, बाटल्या ओढ्यात आल्या. कुणी उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, ओढ्याच्या काठावर टाकली, कुणी बाभळीच्या फांद्या टाकल्या. वरून रस्ता झाडला जायचा, त्याला चुना लावला जायचा. खाली वाकून मात्र कुणी पाहिलं नाही. माझं तोंड हळूहळू बुजत गेलं आणि शेजारच्या रांगेचंही. ओरडून सांगावं असं वाटायचं. पण नळ्याला ओरडता येत नाही.

आणि मग ते ऑक्टोबरचे दिवस आले. पावसाळा संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. सोयाबीन काढणीला आलं होतं. कचरूभाऊंचं रान ओढ्याच्या वरच्या अंगाला, रस्त्याला लागूनच. त्यांचं सोयाबीन अगदी वाळून उभं होतं. नंदाबाईंच्या शेडमध्ये कोष तयार होते. साहेबराव आदल्या दिवशीच जालन्याला गेले होते, बाजारात जागा धरायला.

परतीचा पाऊस रात्रभर कोसळला. सकाळी ओढ्यातून जे पाणी आलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं काठावरची सगळी पऱ्हाटी उचलली आणि माझ्या तोंडात कोंबली. तिच्यावर फांद्या आल्या, फांद्यांवर प्लास्टिक आलं. माझ्यातून पाण्याचा थेंब जाईना. पाणी मागे फुगत गेलं आणि कचरूभाऊंच्या रानात शिरलं. मग ते वर चढत रस्त्याच्या कडेपर्यंत आलं.

तौफिकचा टेम्पो कोष भरून ओढ्याजवळ आला आणि थांबला. कोषांवर ताडपत्री होती, तिला दोर आवळून बांधलेला. पुढे तौफिकशेजारी नंदाबाई आणि आसिफा बसल्या होत्या.

"मावशी, आत्ता जाता येतं," तौफिक म्हणाला. "थोड्या टायमानं न्हाई येनार. जल्दी ठरवा."

नंदाबाई काही बोलायच्या आत समोरून कचरूभाऊ आले. अंगावर पोत्याची खोळ, हातात कुदळ. ते थेट रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि माझ्या डोक्यावर त्यांनी पहिला घाव घातला.

"भाऊजी!" नंदाबाई खाली उतरून धावल्या. "काय करून राह्यले?"

"रस्ता फोडतो." कचरूभाऊंनी वर पाहिलं नाही. "पान्याला वाट पायजे. माझं सोयाबीन बुडून राह्यलं, दिसत न्हाई का?"

दुसरा घाव पडला. मला तो आतपर्यंत लागला. मित्रांनो, मला राग आला नाही. त्यांचं वर्ष त्या पाण्यात उभं होतं. पण रस्ता एकदा फुटला, की पाणी त्याला वळणापर्यंत घेऊन जाणार, हे मला कळत होतं. आणि नंदाबाईंनाही कळत होतं.

"भाऊजी, कुदळ ठेवा. एकदा फोडला तर पुन्हा कोन बांधून देनार? पोरी शाळेला कशा जातील?"

"अन् मी काय खाऊ? रस्ता तुमचा है, वैनी. रान माझं है."

"पानी नळ्यात आडलंय," नंदाबाई म्हणाल्या. त्या रस्त्याच्या कडेला आडव्या झाल्या आणि खाली डोकावल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे डोकावणाऱ्या त्या पहिल्याच. "सगळी पऱ्हाटी बसली आतमधी. ती वढून काढली तर तुमच्या रानातलं पानीबी जाईल अन् रस्ताबी राहील."

"हातानं निघती का ती?"

"तुमच्या विहिरीवर पडलेल्या बादल्या काढायचा गळ है ना? तो आना. टेम्पोला बांधून वढू."

कचरूभाऊ कुदळ टाकून रानाकडे पळाले.

पण गळाला बांधायला दोर हवा होता. वस्तीत जाऊन शोधायला वेळ नव्हता. लांब, मजबूत दोर तिथं एकच होता, आणि तो कोषांवरच्या ताडपत्रीला होता. नंदाबाईंनी आसिफाकडे पाहिलं. त्या टेम्पोत निम्मा माल आसिफाचा होता. ओल्या कोषाला डाग पडतो आणि डागी कोष कवडीमोल होतो, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

आसिफानं दोराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "तौफिक, सोडा दोर," ती म्हणाली.

"अगं, वारा है. ताडपत्री उडंल."

"मी बसते ना तिच्यावर. सोडा म्हनते ना!"

ती टेम्पोवर चढली आणि ताडपत्रीवर हातपाय पसरून पालथी पडली. वस्तीतून धावत आलेल्या दोन बायाही चढल्या. वारा ताडपत्रीच्या कडा उचलत होता, त्या दाबत होत्या आणि पाऊस त्यांच्या पाठीवर पडत होता.

गळ आला. लोखंडाचा, चार आकड्यांचा. कचरूभाऊंनी तो पाण्यात फेकला. तौफिकनं टेम्पो मागे घेतला. गळ नुसताच सरकून वर आला. पुन्हा फेकला. पुन्हा रिकामा. पाणी आता रस्त्यावरून पातळ वाहू लागलं होतं.

"असा न्हाई बसत," कचरूभाऊ म्हणाले. "खाली उतरून हातानं आडकवावा लागंल."

"पान्यानं वढलं तर?" तौफिक टेम्पोतून ओरडला.

नंदाबाईंनी पदर खोचला, रस्त्याच्या कडेच्या दगडाला पाय रोवला आणि हात पुढे केला. "धरा, भाऊजी."

कितीतरी वर्षांत त्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. कचरूभाऊंनी वहिनीचं मनगट धरलं. नंदाबाईंना मागून वस्तीतल्या आणखी दोघांनी कमरेला धरलं. कचरूभाऊ उतारावरून खाली आले, छातीपर्यंत पाण्यात. त्यांचा मोकळा हात माझ्या तोंडावरून फिरला. मी मनात म्हणत होतो, आत येऊ नका, इथं ओढ आहे. त्यांनी गळ पऱ्हाटीच्या बुडाशी घुसवला आणि ते ओरडले, "घे!"

टेम्पो मागे गेला. दोर ताणला. काही हललं नाही. चाकं जागीच फिरली, चिखल उडाला. मग माझ्या आत काहीतरी सुटलं आणि तो सगळा गठ्ठा एकदम उपसून बाहेर आला.

"वर घ्या! भाऊजीला वर घ्या!"

त्यांना वर ओढलं आणि त्याच क्षणी पाणी माझ्यातून सुटलं. असं पाणी मी कधी पोटात घेतलं नव्हतं. त्याच्यासोबत दगड आले, एक ओंडका आला. तो माझ्या अंगावर आपटला आणि मी तडकलो. वर मात्र माणसं आनंदानं ओरडत होती. दुपारपर्यंत कचरूभाऊंचं रान उघडं पडलं. रस्त्याची एक कड खचली, पण रस्ता राहिला.

पाणी उतरल्यावर टेम्पो जालन्याला गेला. कोषांचे वरचे थर भिजले होते, ते डागी म्हणून बाजूला निघाले. खालचे चांगले निघाले आणि चांगल्या भावानं गेले. कचरूभाऊंचं ओढ्याकडचं सोयाबीन काळं पडलं, वरचं हाती आलं. कुणाचंच पूर्ण वाचलं नाही, पण कुणाचं सगळं गेलंही नाही. दुसऱ्या दिवशी कचरूभाऊ स्वतःहून शेडवर गेले आणि वहिनीच्या हातचा चहा पिऊन आले. हे मला आसिफाच्या बोलण्यातून कळलं.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथं गोड झाली. मला तसं वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माणसं आली आणि त्यांनी रस्त्यावर नवं डांबर अंथरलं. खचलेली कड भरली. रस्ता आरशासारखा झाला. नंदाबाईंनी त्यांना खाली बोलावलं, माझा तडा दाखवला. एकानं वाकून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "आमचं काम वरचं है, मावशी. खालचं दुसऱ्या कुनाकडं आसंल." ते दुसरे कुणी अजून आलेले नाहीत. डांबर गुळगुळीत झालं तसे टिप्पर जास्त वेगानं जातात. प्रत्येक टिप्परसोबत माझा तडा थोडा उघडतो आणि वरची माती दाण्यादाण्यानं माझ्यात गळते. वरून काहीच दिसत नाही.

आता पुन्हा ढग येऊ लागले आहेत. परवा नंदाबाई ओढ्यात उतरल्या. सोबत कचरूभाऊ होते, विळा घेऊन. दोघांनी माझ्या तोंडाशी वाढलेलं गवत कापलं, पिशव्या काढल्या. मग नंदाबाई गुडघ्यावर बसल्या आणि माझ्यातून आरपार पाहू लागल्या.

"पलीकडचा उजेड दिसतो का?" कचरूभाऊंनी विचारलं.

"दिसतो," त्या म्हणाल्या. "पन मधी माती पडून राह्यली. एवढी पडायला नको होती."

त्या उठल्या आणि नळा बदलून द्या म्हणून पुन्हा अर्ज द्यायला अंबडला जायला निघाल्या. माझ्याच डोक्यावरून गेल्या.

मित्रांनो, ज्या वस्तीला रस्ता मिळाला, तिला पहिल्यांदा 'नाही' म्हणायची ताकद मिळाली. ती ताकद काळ्या डांबरात नसते. ती त्याच्याखाली असते, अंधारात. तुम्ही सहलीला, मामाच्या गावाला, कुठंही जाल, तेव्हा एखाद्या ओढ्यापाशी गाडी थांबवा. खाली उतरा, वाका आणि आत पाहा. पलीकडचा उजेड दिसला नाही, तर घरी जाऊन मोठ्यांना सांगा. पाऊस यायच्या आत सांगा.